विश्वकर्म्याच्या दिवशी अडलेलं बूच

बेहाला, कलकत्ता
रविवार, २४ सप्टेंबर १९७२

ती. सौ. सरोजताईस,

चारूचा नमस्कार. तो वाकून केलेला आहे असं समज, कारण गेला आठवडाभर मी वाकलो की सरळ होता येत नाही आणि सरळ झालो की वाकता येत नाही. (वृंदा रोज पाठ शेकून देते, पण शेकताना हसते, त्यामुळे निम्मा गुण जातो.) तुझे गुडघे कसे आहेत? श्यामसुंदरदाजींचा खोकला पावसाबरोबर गेला की यंदाही मुक्काम वाढवून राहिला? इकडे आम्ही चौघंही ठीक आहोत. लीनाचं मराठी दिवसेंदिवस बंगालीच्या वळणावर जात आहे. परवा तिने आप्पांना, "आजोबा, पाणी खाणार?" असं विचारलं, आणि आप्पांनी पाणी खाल्लं. आप्पांची तब्येत उत्तम आहे. हे पत्र लांबलं आहे ते त्यांच्यामुळेच, तेव्हा हातातलं काम आटोपून मगच वाचायला बस.

मी एक जीप घेतली आहे. हे तुला कळवायचं राहून गेलं. (वृंदाने कळवलं असेल तर तिने कोणते शब्द वापरले ते मला सांगू नकोस.) महायुद्धातली आहे. चहाच्या मळ्यावरचा एक मॅनेजर देश सोडून चालला होता, त्याच्याकडून जूनमध्ये घेतली. तिला दारं नाहीत, छत कॅनव्हासचं आहे आणि पाऊस कुठल्या बाजूने येईल हे छताला कधीच आधी कळत नाही. सहलींना उपयोगी पडेल असं मी घरी सांगितलं. खरं कारण निराळं होतं. आई गेल्यावर आप्पांना मी इथे आणलं त्याला तेरा महिने झाले, आणि या तेरा महिन्यांत ते वरच्या गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसून राहिले. हो, नको आणि असू दे, एवढ्या तीन शब्दांवर त्यांचं सगळं चालायचं. वर्तमानपत्र दिलं तर घ्यायचे, पान उलटायचे नाहीत. मला वाटलं, दारात एक जुनं खटारं उभं राहिलं तर ज्या माणसाने बत्तीस वर्षं, आधी खासगी मोटार सर्व्हिसमध्ये आणि मग एस.टी.च्या मिरज आगारात, गाड्या उघडल्या तो निदान जिना उतरून खाली येईल. जीप आणली त्या दिवशी ते गॅलरीच्या कठड्याशी आले, खाली पाहिलं, "हं" म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. मी मात्र चौथा शब्द मिळाला म्हणून वृंदाला पेढे आणायला सांगत होतो.

पुढे ऑगस्टमध्ये आम्ही बजबजला नदीकाठी गेलो (आप्पा "नको" म्हणाले) आणि वाटेत जीप कण्हू लागली. वेग वाढवला की खालून एखाद्या आजारी माणसासारखा आवाज यायचा. जीपबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. तीत मी रात्रंदिवस डोकं घातलं आणि निष्कर्ष काढला की डिफरन्शियलमधलं तेल संपलं असावं. ताई, तुला हे कळावं म्हणून सांगतो. गाडीच्या आसाच्या मधोमध लाल भोपळ्याएवढा एक लोखंडी गोळा असतो, तो डिफरन्शियल. त्यातली दातेरी चाकं गाडीच्या चाकांना फिरवतात. साध्या मोटारीला असा एक भोपळा असतो, पण जीपची चारही चाकं जोर लावतात, त्यामुळे तिला पुढे एक आणि मागे एक. शिवाय मध्यभागी ट्रान्सफर केस नावाची एक पेटी, जी इंजिनचा जोर पुढच्यामागच्यांना वाटून देते. (आपल्या घरात हे काम आई करायची.) या तिन्हींत जाड तेल असतं आणि प्रत्येकाला दोन बुचं असतात, खालचं तेल काढायला आणि बाजूचं तेल भरायला. एवढं सोपं आहे. बँकेत मी याहून अवघड कामं रोज करतो असं मला वाटलं.

मुहूर्त मी गेल्या रविवारचा धरला. त्या दिवशी विश्वकर्मा पूजा आहे हे मला माहीत होतं, पण विश्वकर्मा पूजा म्हणजे पतंगांचा दिवस एवढंच गेल्या तीन वर्षांत माझ्या लक्षात आलेलं. सकाळपासून बेहाल्याचं आकाश पतंगांनी भरलं होतं आणि गच्च्यांवरून "भोकाट्टा"चा ओरडा, म्हणजे आपलं "काटला रे काटला", चालू होता. आमचे घरमालक निशिकांतबाबू यांचा तळमजल्यावर लेथचा छोटा कारखाना आहे, तिथे हत्तीवर बसलेल्या विश्वकर्म्याची मूर्ती आली होती. तिच्यापुढे कारखान्यातले सगळे पाने, हातोड्या, छिन्न्या धुऊनपुसून ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर झेंडूचं फूल. त्यांच्या पत्नीने उंबऱ्यापासून फाटकापर्यंत तांदळाच्या पिठाची सुरेख आल्पना काढली होती. आणि फाटकाच्या आत, त्या आल्पनेच्या बरोबर शेजारी, मी जीपचं मागचं अंग जॅकवर उचललं आणि माझा स्क्रू पाना घेऊन तिच्याखाली शिरलो.

निशिकांतबाबू धोतर सावरत धावत आले. आज हत्याराला हात लावायचा नसतो, आज सगळ्या कलकत्त्यात कुणी मिस्त्री पाना उचलणार नाही, देव रागावतो, असं त्यांनी मला जीपच्या खाली डोकावून अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या बंगालीत समजावलं. मी त्यांना, हे काम दहा मिनिटांचं आहे असं सांगितलं. (आडवं पडून बोलणारा माणूस नेहमीच जास्त आत्मविश्वासाने बोलतो असा माझा अनुभव आहे.) मागच्या भोपळ्याचं खालचं बूच चार हिसक्यांत निघालं. आतून जे आलं त्याला तेल म्हणणं म्हणजे काकवीला पाणी म्हणण्यासारखं होतं. काळं, जाड आणि वासाला सडक्या अंड्याचा सख्खा भाऊ. खाली परात ठेवली होती, पण ती पुढच्या बाजूला, आणि तेल मागच्या बाजूला आलं. ते सावकाश, घाई न करता उतारावरून निघालं आणि आल्पनेतल्या पहिल्या कमळाच्या तीन पाकळ्यांवरून पुढे गेलं. निशिकांतबाबूंच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी त्या पाकळ्यांकडे पाहिलं, मग जीपखालून दिसणाऱ्या माझ्या पायांकडे.

असो. खालचं बूच परत बसवलं आणि बाजूचं, म्हणजे तेल भरायचं बूच उघडायला गेलो. ते हलेना. पाना लावला, पाना घसरला. हातोडी मारली, हातोडी माझ्या अंगठ्याला लागली. पान्याच्या दांड्यावर पाय देऊन जोर केला, तेव्हा बुचाच्या कडा गोल झाल्या आणि माझ्या पाठीत काहीतरी झालं ते अजून आहे. मग मी तसाच पडल्या पडल्या पुस्तिका उघडली. त्या पानाचा वरचा कोपरा वाळवीने खाल्लेला होता. खाल्लेल्या भागाच्या शेवटी "...आधी उघडून पाहावे, नंतरच तेल काढावे" एवढं शिल्लक होतं. म्हणजे, ताई, तेल भरायचं भोक आधी उघडतं का ते बघायचं असतं. आता जुनं तेल जमिनीवर, नवं तेल डब्यात, भरायचं बूच जाम, जीप जागची हलवली तर आतले दाते झिजणार, आणि ती उभी फाटकात. दुपारी निशिकांतबाबूंकडे साठ माणसं खिचडी आणि लाबड्याच्या भाजीला येणार होती. समोर देवापुढे जगातला प्रत्येक मापाचा पाना मांडलेला आणि त्यातल्या एकालाही हात लावायची सोय नाही.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

आप्पा आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी कारखान्याच्या मागे गेले, तिथले दोन लाकडी ओंडके एकेक करून ओढत आणले (मी मदतीला उठू बघत होतो, पाठ उठू देईना), ते आसाच्या दोन्ही बाजूंना सरकवले आणि मग म्हणाले, "बाहेर ये." मी बाहेर आलो. जॅक पुढे नेऊन पुढच्या बाजूलाही त्यांनी तसेच आधार लावले, कारण गाडी नाक खाली करून उभी असली तर तेलाची पातळी खोटी दिसते म्हणे. मग ते चटईवर आडवे झाले, एकाहत्तराव्या वर्षी, स्वच्छ धुतलेल्या धोतरात, आणि खाली सरकले. बुचावरून अंगठा फिरवला. बाहेर आले, हात पुसले, आणि कारखान्याच्या दाराशी जाऊन चपला काढल्या.

इथे मला थोडं मागे जावं लागेल, आणि हे लिहिताना माझी शाई उगाच वाळते आहे. गेल्या वर्षी आप्पांना घेऊन आलो त्या दिवशी निशिकांतबाबूंनी विचारलं होतं की वडील काय करायचे. मी म्हणालो, "ट्रान्सपोर्टमध्ये ऑफिसर होते." का म्हणालो ते माहीत नाही. बँकेचा अधिकारी, त्याचे वडील म्हणजे तसंच काहीतरी असावं, असं माझ्या जिभेला वाटलं असेल. आप्पा तेव्हा मागे जिन्याच्या पहिल्या पायरीवर आपली वळकटी घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून निशिकांतबाबू त्यांना "अफसरबाबू" म्हणून नमस्कार करतात आणि आप्पा उलट नमस्कार करून वर निघून जातात. खाली रात्रंदिवस लेथ फिरत असतो, लोखंडाचा कीस पडत असतो, आणि ज्याने सगळा जन्म त्याच वासात काढला तो माणूस अफसर असल्यामुळे तेरा महिने खाली उतरला नाही. आईच्या दुःखाने ते गप्प झाले असं मी तुला दर पत्रात लिहीत आलो. त्यात माझा वाटा किती होता हे मला गेल्या रविवारी कळलं.

तर आप्पांनी मूर्तीला हात जोडले आणि निशिकांतबाबूंना म्हणाले की एक रिंग पाना हवा आहे. निशिकांतबाबू संकोचले. अफसरबाबूंना नाही कसं म्हणायचं, पण आजचा दिवस असा, वगैरे सांगू लागले. तेव्हा आप्पा जे बोलले ते मी शब्दशः देतो, कारण तेरा महिन्यांतलं त्यांचं ते सर्वांत मोठं भाषण होतं.

"अफसर मेरा लड़का है. मैं मिस्त्री हूँ. बत्तीस साल गाड़ियाँ खोली हैं. हमारे यहाँ औज़ार की पूजा खंडेनवमी को होती है, उसको अभी महीना बाकी है."

निशिकांतबाबूंनी आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग त्यांनी आप्पांचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, आणि तळव्यावरच्या त्या जुन्या काळ्या रेघा (आठवतात ना तुला, आई म्हणायची या साबणाला घाबरत नाहीत) बघून आपला हात त्याच्या शेजारी धरला. तशाच रेघा. ते मूर्तीकडे वळले, काहीतरी पुटपुटले, एका पान्यावरचं फूल उचलून देवाच्या पायाशी ठेवलं आणि पाना दोन्ही हातांनी आप्पांना दिला. मिस्त्रीच्या हातात गेलेला पाना पूजेतच असतो, असा त्यांनी तिथल्या तिथे निर्णय दिला. मला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

त्यानंतरचं काम मी आडवा होऊन पाहिलं. आप्पांनी हातोडी नाकारली. वृंदाकडे पितळी बत्ता मागितला, कारण पितळ लोखंडाला दुखवत नाही. वृंदाने आईच्या खलबत्त्यातला बत्ता आणून दिला. आप्पांनी बुचाभोवती रॉकेल सोडलं, गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळली आणि बत्त्याने हलक्या हाताने भोवती ठोकत बसले, झोपलेल्या मुलाला थोपटावं तसे. अर्धा तास. आणि थोपटता थोपटता बोलू लागले. आंबा घाटात वऱ्हाडाची गाडी बंद पडली होती तेव्हा नवऱ्या मुलाने मुंडावळ्यांसकट यांना पाने काढून दिले होते आणि नवरी रुसली होती, ही गोष्ट तुला माहीत होती का? मला नव्हती. लीना जीपखाली त्यांच्या शेजारी पोटावर पडून ऐकत होती. मग त्यांनी पाना लावला, आणि सोडवायच्या ऐवजी आधी आवळला. मी ओरडणार होतो. कणभर आवळून मग उलटा फिरवला, आणि बूच एका लहानशा उसाशासारखा आवाज करून सुटलं.

तेलाचा डबा वृंदाच्या आंघोळीच्या गरम पाण्यात ठेवून पातळ केला. (वृंदाची आंघोळ राहिली. ते तिने लक्षात ठेवलं आहे.) लीनाने जीपमध्ये उभं राहून नरसाळं धरलं, त्याला रबरी नळी, आणि नळीचं टोक आप्पांच्या हातात. मागचा भोपळा, पुढचा भोपळा, मग ट्रान्सफर केस. शेवटच्या दोघांची बुचं आप्पांनी आधी बाजूची आणि नंतरच खालची उघडली, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे एकदा बघितलं. मागचं भरत आलं तेव्हा त्यांनी मला खाली बोलावलं, माझं बोट धरलं आणि त्या भोकात घातलं. "कडेपर्यंत लागलं की थांबायचं. जास्त भरलं तर बाहेरच येतं." ताई, त्यांनी माझं बोट धरल्याला तीस वर्षं झाली असतील. हात तसाच खरखरीत आहे.

साठ माणसांची पंगत वेळेवर बसली. आल्पनेचं कमळ वृंदाने आणि निशिकांतबाबूंच्या पत्नींनी मिळून पुन्हा काढलं. आप्पा लेथच्या कामगारांच्या पंगतीत बसले आणि दोनदा खिचडी मागून घेतली. संध्याकाळी मी जीप गार्डन रीचपर्यंत नेली, आप्पा शेजारी. ती पूर्वीसारखीच कण्हत होती. आप्पा म्हणाले, पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं आहे, जूनमध्ये गाडी फाटकातून आत येताना त्यांनी गॅलरीतून ऐकलं होतं.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस का?"

आता ते रोज सकाळी नऊला खाली जातात. निशिकांतबाबू बंगालीत बोलतात, आप्पा मराठीत, आणि लेथच्या आवाजात दोघांनाही काही ऐकू येत नसल्याने त्यांचं उत्तम जमतं. मी एक दिवस खाली जाऊन निशिकांतबाबूंना सांगितलं की त्या वेळी मी खोटं बोललो होतो. ते म्हणाले, ते आम्हांला पान्यापाशीच कळलं, आता चहा घ्या.

सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा कमरेतून दुमडलेला धाकटा भाऊ,
चारू

ता. क. तुझं नऊ तारखेचं पत्र मिळालं होतं. त्याचा उल्लेख वर मी मुद्दाम केला नाही. दिवाळीआधी येऊन आप्पांना सांगलीला घेऊन जाणार, चारूला नोकरीत वेळ नाही, तिथे ते कोमेजतील, हे सगळं तू लिहिलंस ते त्या वेळी बरोबर होतं. आता मात्र हावडा मेलचं ते रिझर्व्हेशन रद्द कर. त्यांना नेऊ नकोस, ताई. एवढंच मागायला हे सगळं लिहिलं.

ता. क. २. त्यांची हत्यारांची हिरवी पेटी तुझ्या जिन्याखाली आहे, जिच्यावर दाजींनी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत. बरण्या उतरवून ती रेल्वे पार्सलने पाठव.

ता. क. ३. ज्यांच्याविषयी लिहिलं आहे त्यांना वाचून दाखवल्याशिवाय पत्र पेटीत पडणार नाही असा वृंदाचा हुकूम आहे. म्हणून खाली जागा सोडत आहे.

चि. सौ. सरोजास अनेक आशीर्वाद. पत्र वाचले. बरेचसे बरोबर आहे. बूच निघायला अर्धा तास नव्हे, पाऊण तास लागला.

चारूने मला ऑफिसर म्हटले म्हणून मी गप्प होतो, हे त्याने मनाशी घेतले आहे. तसे नाही. तो तसे म्हणाला तेव्हा मला बरे वाटले होते. गप्प होतो कारण तुझी आई दोघांचे बोलणे एकटीच बोलायची, मला सवयच नव्हती. हे मी त्याला तोंडी सांगितले तर तो ऐकणार नाही, म्हणून लिहिले.

दुसरे, मी बुचासाठी खाली आलो नाही. त्याने गाडी नुसत्या जॅकवर उचलली होती, आधार काही नाही, आणि हा तिच्याखाली झोपून वरून हातोडी मारत होता. गॅलरीतून दिसले. जिना कसा उतरलो आठवत नाही. त्याला हे सांगू नको असे म्हणणार होतो, पण पत्र तोच पेटीत टाकणार आहे, तेव्हा वाचेलच. वाच, चारू.

रिझर्व्हेशन रद्द करू नको. तू ये, तुला बघून वर्ष झाले. पेटी पार्सलने पाठवू नको, पार्सलवाले आपटतात, बाकाखाली ठेवून सोबत आण. परतीचे तिकीट मात्र तुझे एकटीचेच काढ.

आप्पा